राष्ट्रीय विद्युत योजना, मागणीचे अंदाज आणि आपली ठाणे–नवी मुंबई

खाडीकाठ, ऐरोली

ठाणे–बेलापूर रस्त्यावर ऐरोलीजवळ राज्य भार प्रेषण केंद्राचे आवार आहे. या क्षणी महाराष्ट्राला किती वीज लागते आहे आणि ती कोणत्या वीजनिर्मिती संचाकडून घ्यायची, याचा हिशेब तिथे चोवीस तास चाललेला असतो, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. माझी उभी नोकरी पारेषणाच्या, म्हणजे उच्चदाब तारांवरून वीज वाहून नेण्याच्या, कामात गेली. त्यामुळे वीजबिलावरच्या मागच्या धाग्यात एका सभासदाने विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना: पुढच्या दहा-वीस वर्षांत किती वीज लागेल, याचा विचार देशपातळीवर कोणी करते की नाही? करते. तो कसा होतो, कुठे चुकतो आणि चुकीचे पैसे कोण भरते, यासाठी हा वेगळा धागा काढतो आहे.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ३ प्रमाणे केंद्र सरकारने राष्ट्रीय विद्युत धोरण ठरवायचे असते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी राष्ट्रीय विद्युत योजना तयार करायची असते. योजनेचा पाया म्हणजे मागणीचे सर्वेक्षण. विसावे सर्वेक्षण नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. देशाची कमाल मागणी २०२६-२७ मध्ये सुमारे २७७ गिगावॅट आणि २०३१-३२ मध्ये सुमारे ३६६ गिगावॅट होईल, असे त्यात धरले आहे (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). त्यावर बेतलेली योजना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात २०३१-३२ साठी सुमारे ९०० गिगावॅट स्थापित क्षमता दाखवली आहे. मागणी ३६६ आणि क्षमता ९००, हा छपाईचा दोष नव्हे. सौर संच सूर्यास्तानंतर शून्यावर येतो आणि पवनचक्की वाऱ्याच्या मर्जीने फिरते, त्यामुळे तेवढीच मागणी भागवायला बेरीज फुगवावी लागते. कोळशाच्या जमान्यात 'किती मेगावॅट' एवढे विचारले तरी भागत असे. आता 'कोणत्या तासाला' हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ उरलेला नाही.

आता चुकांकडे वळू. अठराव्या सर्वेक्षणाने २०१६-१७ साठी देशाची कमाल मागणी १,९९,५४० मेगावॅट वर्तवली होती. प्रत्यक्षात ती १,५९,५४२ मेगावॅट भरली. याच काळातल्या बाराव्या पंचवार्षिक योजनेत ८८,५३७ मेगावॅटची भर घालायची होती, आणि घातली गेली ९९,२०९ मेगावॅटची. म्हणजे मागणी अंदाजाच्या खाली राहिली आणि बांधणी उद्दिष्टाच्या वर गेली. त्यातली विभागणी पाहिली की खरी गोष्ट कळते. औष्णिक संच ७२,३४० मेगावॅटऐवजी ९१,७३० मेगावॅट उभे राहिले; जलविद्युत १०,८९७ ऐवजी ५,४७९ वर आणि अणुऊर्जा ५,३०० ऐवजी २,००० वर अडकली. जे पटकन बांधता येत होते आणि ज्याला कर्ज सहज मिळत होते ते उभे राहिले. संध्याकाळची मागणी क्षणात उचलणारे जलविद्युत मागे पडले. कोळशाच्या संचांचा भारांक (क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात केली, तो आकडा) २००९-१० मध्ये ७७ टक्क्यांच्या पुढे होता, तो २०१६-१७ पर्यंत ६० च्या खाली आला. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीत आलेले ३४ औष्णिक प्रकल्प मोजले. त्यांची क्षमता सुमारे ४०,००० मेगावॅट होती. अंदाजातली तफावतही तेवढीच होती. हा योगायोग आहे हे मला समजते, पण तो विसरता येत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की योजना मेगावॅटच्या बेरजेवर जोखली जाते, तर तुटवडा ठरावीक तासाला आणि ठरावीक तारेवर येतो. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. देशात वीज मुबलक होती. कळवा–पडघे ४०० केव्ही वाहिनीचे एक सर्किट देखभालीसाठी बंद होते आणि सगळा भार दुसऱ्यावर होता. दहाच्या सुमारास ते दुसरेही बंद पडले आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी देशाच्या स्थापित क्षमतेचा आकडा आपल्या काय कामाचा होता?


मानपाडा_सात, ठाणे

लेख आवडला, पण एक शंका आहे. चुकलेल्या अंदाजाचे पैसे आम्ही कसे भरतो? जी वीज घेतलीच नाही, तिचे पैसे कोणी कशाला देईल?


खाडीकाठ, ऐरोली

दीर्घ मुदतीच्या वीज खरेदी करारात किमतीचे दोन भाग असतात. पहिला भाग संच उभारण्याच्या खर्चाचा, म्हणजे कर्जाचे व्याज, घसारा, भांडवलावरचा परतावा यांचा; दुसरा जळलेल्या इंधनाचा. संच ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध असेल तर वितरण कंपनीने वीज घेतली नाही तरी पहिला भाग द्यावाच लागतो. स्वस्त वीज आधी आणि महाग नंतर, या क्रमाने संच चालवले जातात; मागणी कमी असली की रांगेतले शेवटचे संच बंद ठेवले जातात आणि त्यांचे भाडे मात्र चालूच राहते. लग्नाचे कार्यालय पाचशे पानांसाठी घेतले आणि तीनशेच जेवले, तरी कार्यालयाचे भाडे कमी होत नाही, तसे. ही रक्कम नियामक आयोगाच्या दरनिश्चितीतून ग्राहकांच्या दरात शिरते. करार साधारण २५ वर्षांचे असतात, त्यामुळे आज निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या अंदाजाचे हप्ते त्याची नातवंडेही भरतात.


जुना_वर्तकनगर, ठाणे

भाड्याचा विषय निघाला की आमच्या पिढीला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्पच आठवणार. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा होता आणि तो मे १९९९ मध्ये सुरू झाला. त्याची वीज राज्याला झेपेना आणि मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली. त्याच्या थोडे आधीच माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने करार आणि मागणीचे गृहीतक, दोन्हींची चिरफाड केली होती. हे सगळे खरे आहे, पण या कथेचा दुसरा अर्धा भाग सांगायला लोक विसरतात. जास्तीच्या विजेचा चटका बसल्यावर राज्याने हात इतका आखडता घेतला की सरकारी कंपनीचा पुढचा नवा औष्णिक संच परळीत सुरू व्हायला २००७ उजाडले. तोवर मागणी वाढत होतीच. २००५ ते २००८ या वर्षांत आम्ही ठाण्यात भारनियमनाचे वेळापत्रक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले होते. गावाकडे बारा-बारा तास वीज नसे. मुंबई शहरात दिवे लखलखत, आणि चेकनाक्याच्या अलीकडे आम्ही इन्व्हर्टरची बॅटरी किती टिकेल याचा अंदाज घेत बसायचो.

म्हणजे एकाच राज्याने पाच वर्षांत विजेचा अजीर्णही पाहिला आणि उपासही. खाडीकाठ, तुमच्या लेखात अतिअंदाजाचे दुष्परिणाम भरपूर आहेत. कमी अंदाजाचे नाहीत. माझ्या मुलीने दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर केला, त्याची किंमत कोणत्या दरनिश्चितीत धरली होती?


त्रैराशिक, वाशी

वर्तकनगरकरांचा मुद्दा पुढे नेतो. २०१६-१७ च्या आकड्यांवरून अठरावे सर्वेक्षण ४०,००० मेगावॅटने चुकले असे म्हणताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नोंदलेली मागणी म्हणजे लोकांना हवी असलेली वीज नव्हे. घरात जोडणीच नसेल, फीडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी वाहिनी, आठ तासच चालू ठेवला जात असेल, किंवा वितरण कंपनीकडे विकत घ्यायला पैसेच नसतील, तर ती गरज मागणीच्या रकान्यात येत नाही. तेव्हा चाळीस हजारांपैकी काही भाग अंदाजाच्या चुकीचा आणि काही दडपलेल्या मागणीचा आहे. तसेच अडचणीतल्या ३४ प्रकल्पांना केवळ मागणीने मारले नाही. कोणाला कोळसा मिळाला नाही, कोणाला खरेदी करार मिळाला नाही, कोणाचे पैसे वितरण कंपन्यांकडे थकले. तुम्ही स्वतःच योगायोग म्हटले आहे, म्हणून जास्त ताणत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. अंदाज चुकणारच, कारण तो हवामानावरही अवलंबून असतो. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटला पोचली. २०२५ च्या उन्हाळ्यात २७० गिगावॅटची तयारी ठेवली होती, पण पाऊस लवकर आला आणि मागणी आदल्या वर्षीच्या उच्चांकापर्यंतही गेली नाही. हा अंदाज करणाऱ्याचा दोष नाही. दोष असा की योजनेतला एकच आकडा पुढे सगळीकडे वापरला जातो आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टा कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत सारखी नसते. जास्तीची चूक बिलात थोडी थोडी दिसते. कमीची चूक एका संध्याकाळी कारखाना, रुग्णालय आणि परीक्षा एकदम बंद पाडते. म्हणून थोडे जास्तच धरावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. प्रश्न आहे तो जास्तीचे काय बांधावे याचा: २५ वर्षे गळ्यात पडणारा संच, की दोन वर्षांत उभी राहणारी आणि हवी तिथे हलवता येणारी साठवण?


खाडीकाठ, ऐरोली

दडपलेल्या मागणीचा मुद्दा मान्य. माझे वाक्य एकांगी होते.

साठवणीबद्दल मात्र एक उदाहरण देतो, कारण त्यातून दीर्घ मुदतीच्या नियोजनाची अडचण उघड होते. २०२३ च्या योजनेत २०३१-३२ साठी सुमारे ४७ गिगावॅट बॅटरी साठवण आणि सुमारे २७ गिगावॅट उदंचन जलविद्युत (पाणी वर चढवून ठेवायचे आणि हवे तेव्हा खाली सोडून वीज करायची) धरली आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, केंद्रीय पातळीवरच्या पहिल्या मोठ्या बॅटरी निविदेत दर मेगावॅटमागे महिना सुमारे १०.८ लाख रुपये आला होता. २०२५ पर्यंत तसेच दर सव्वादोन लाखांच्या आसपास उतरले. दहा वर्षांची योजना छापून तीन वर्षे होत नाहीत तोच तिच्यातल्या एका मुख्य घटकाची किंमत पावाच्याही खाली आली, तर त्या योजनेतला कोळसा आणि बॅटरी यांचा तोल पुन्हा मांडायला नको का? कायदा पाच वर्षांनी योजना करायला सांगतो. बाजार पाच वर्षे थांबत नाही.

इंधनाचेही तसेच. आपल्या शेजारच्या उरणला ६७२ मेगावॅटचे वायू विद्युत केंद्र आहे आणि वायू पुरेसा न मिळाल्यामुळे ते वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा खाली चालते. कृष्णा–गोदावरी खोऱ्यातून दिवसाला ८ कोटी घनमीटर वायू येईल, असे गृहीत धरून देशभर संच बांधले गेले. उत्पादन २०१० च्या सुमारास शिखर गाठून घसरले आणि सुमारे २५,००० मेगावॅटच्या वायू संचांपैकी बराच भाग रिकामा उभा राहिला. यंत्रे होती, चुकला तो इंधनाचा अंदाज.


महापे_रात्रपाळी, कोपरखैरणे

मी महाप्यात एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जे उभे राहिले आहे ते पाहता, मागणीचे पुढचे सर्वेक्षण करणाऱ्यांनी एकदा इथे फिरून जावे असे वाटते. आमचा भार घरगुती भारासारखा वरखाली होत नाही. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला जवळपास सारखाच असतो. म्हणजे दुपारची स्वस्त सौर वीज आम्हाला उपयोगी आहे, पण रात्रीचे काय, हा प्रश्न आमच्यामुळे अधिक कठीण होतो.

दुसरी बाजूही सांगतो. इमारत पूर्ण भरेल असे धरून मंजूर भार मागितला जातो, आणि प्रत्यक्ष यंत्रे टप्प्याटप्प्याने, कधी कधी बरीच वर्षे घेऊन येतात. जागा पक्की होण्याआधी एकच कंपनी दोन-तीन ठिकाणी वीजजोडणीची चौकशी करून ठेवते. हे सगळे अर्ज कोणी बेरीज करून 'डेटा सेंटरांची मागणी' म्हणून मांडले, तर बाराव्या योजनेची पुनरावृत्ती होईल. अर्जांची बेरीज आणि खरा भार यांत फरक करण्याची काही सोय नियोजनात आहे का?


खाडीकाठ, ऐरोली

पूर्वी फारशी नव्हती. आता 'संसाधन पर्याप्तता' नावाने थोडी सोय होते आहे. जून २०२३ मध्ये त्याची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि आपल्या राज्य आयोगानेही २०२४ मध्ये त्यासाठी विनियम केले. वितरण कंपनीने पुढच्या दहा वर्षांच्या मागणीचा अंदाज करायचा आणि ती भागवण्यासाठी करारबद्ध क्षमता आपल्याकडे आहे किंवा कशी येईल ते दाखवायचे, असा त्याचा गाभा आहे. दिल्लीतला एक आकडा खाली झिरपत येण्यापेक्षा खालून वर जाणारा हिशेब बरा. मात्र अर्ज की खरा भार, याची चाळण अभियंत्याच्या अनुभवावरच अवलंबून राहणार.


ग्रंथपाल_नेरूळ

चर्चा आकड्यांत चालली आहे, तर थोडा इतिहास जोडतो. देशाच्या वीज नियोजनाची सुरुवात आपण १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यापासून किंवा पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते आणि वीज त्याच खात्याच्या अखत्यारीत होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युत विकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले, त्यात मालकी सरकारी असावी की खासगी, आणि जबाबदारी केंद्राची असावी की प्रांतांची, हे प्रश्न स्वच्छ मांडले आहेत. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. आजचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण त्याच परंपरेतले.

तो दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही. वीज हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला, विषय आहे. योजना केंद्र करते, विकत घेणारे राज्य असते आणि बांधणारा बहुतेक वेळा खासगी उद्योजक. २००३ च्या कायद्याने औष्णिक निर्मितीला परवान्याची अट काढून टाकली, म्हणजे योजनेत नसलेला संच कोणी बांधला तर त्याला अडवता येत नाही, आणि योजनेत असलेला कोणी बांधला नाही तर जाब विचारता येत नाही. बाराव्या योजनेच्या उद्दिष्टापेक्षा औष्णिक संच जास्त झाले ते काही गणिताच्या चुकीने नव्हे. योजना फक्त दिशा दाखवणारी उरली आहे, आणि आपण ती आज्ञा असल्यासारखी वाचतो.


शहापूरकर

उदंचनाचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण आमच्या तालुक्यातच त्याचा नमुना आहे. घाटघरचे वरचे धरण अकोले तालुक्यात आणि खालचे चोंढ्याला, आमच्या शहापूर तालुक्यात. १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. मागणी वाढली की पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. चढवायला १०० युनिट लागले तर परत ७५ ते ८० मिळतात. लोकांना हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो, पण जिथे दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग आहे तिथे वीस-पंचवीस टक्क्यांचा तोटा परवडतो. २००८ मध्ये घाटघर प्रकल्प सुरू झाला तेव्हा रात्री पंप चालवायचे असे गृहीत होते. सौर विजेमुळे आता पंपाची वेळ दुपारची होत चालली आहे. बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेल्या कामाला तो येतो आहे.

आता भिवपुरी आणि शिरवटा इथे मिळून २,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये करार केला आहे. सह्याद्रीचा कडा या कामासाठी देशात उत्तम, यात शंका नाही. पण जलविद्युत १०,८९७ वरून ५,४७९ वर का येते, हे डोंगरात राहणाऱ्यांना विचारा. जमीन, वन, पुनर्वसन यांचा काळ योजनेत दोन वर्षे धरतात आणि प्रत्यक्षात तो दहा वर्षे चालतो.


खाडीकाठ, ऐरोली

शहापूरकर, हेच तारांनाही लागू आहे, आणि तिथेच आपली ठाणे–नवी मुंबई अडकलेली आहे. मुंबईच्या बाहेरची वीज आत आणण्यासाठीचे मार्ग मोजकेच, आणि त्यांतले बरेच आपल्या अंगणातून जातात. खारघर ते विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी कितीतरी वर्षे कागदावर होती. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे २०२० च्या अंधारानंतर तीन वर्षांनी सुरू झाली. दाट वस्ती, टॉवरसाठी न मिळणारी जागा, खाडीची कांदळवने आणि त्यासाठी लागणारी उच्च न्यायालयाची परवानगी, अशी ही शर्यत असते. फ्लेमिंगोंची बाजू मला मान्य आहे. माझ्या खिडकीतूनच दिसतात ते. पण मग जमिनीखालची केबल, तिचा अनेकपट खर्च आणि तो कोणी द्यायचा, हे प्रश्न दहा वर्षे आधी सोडवायला हवेत.

सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, उच्चदाब वाहिनीला चार-पाच वर्षे लागतात. राजस्थानात २०२५ मध्ये तयार सौर वीज तारांअभावी बंद ठेवावी लागली. योजनेचा पारेषणाचा खंड ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात २०३२ पर्यंत ९ लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च धरला आहे. निर्मितीचा खंड त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी निघाला होता. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.


सेक्टर_पाचची_सचिव, सानपाडा

मी तज्ज्ञ नाही, आमच्या गृहसंस्थेची सचिव आहे, म्हणून खालच्या टोकाचे सांगते. आमच्याकडे दोन वर्षांत अकरा सभासदांनी विजेवरच्या गाड्या घेतल्या. सगळे साडेसात-आठला घरी येतात आणि लगेच गाडी लावतात. त्याच वेळी प्रत्येक घरात वातानुकूलन यंत्र चालू होते. मे महिन्यात आमचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दोनदा बंद पडले. भार वाढवून मागितला तर अर्ज तीन टेबलांवर फिरला आणि शेवटी जागा द्या असे सांगण्यात आले. आमच्याकडे जागा म्हणजे मुलांचे खेळण्याचे मैदान. देशात ९०० गिगावॅट होतील तेव्हा होवोत, आमच्या गल्लीतल्या रोहित्राची योजना कोण करतो?

आता स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलत आहे. पण गाडी त्या वेळी कार्यालयात असते. मी समितीपुढे ठराव ठेवला की चार्जिंग रात्री बारानंतर करावे. सात जणांनी मान्य केले, चार जण चिडले.


त्रैराशिक, वाशी

सचिवताई, या धाग्यातला सर्वांत उपयोगी आकडा तुमचा आहे. अकरा गाड्या, एक वेळ. सर्वेक्षणात विजेवरच्या गाड्यांची वार्षिक युनिटे धरली जातात. रोहित्र मात्र वार्षिक युनिटांमुळे जळत नाही, साडेआठ वाजता जळते.


खाडीकाठ, ऐरोली

शेवटी एक कामाची गोष्ट. कलम ३ नुसार राष्ट्रीय विद्युत योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर सूचना व हरकती मागवणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. राज्य आयोगाच्या दरनिश्चितीच्या सुनावणीतही कोणत्याही ग्राहकाला बोलता येते. बहुतेक सूचना उद्योगांच्या संघटनांकडून जातात, गृहसंस्थांकडून क्वचितच. पुढच्या मसुद्याच्या वेळी आपण दोन पानी सूचना पाठवावी असे मला वाटते. मागणी एका आकड्यात न देता पट्ट्यात द्यावी आणि तासवार द्यावी, साठवणीच्या किमती दरवर्षी तपासून योजना सुधारावी, आणि मुंबई परिसरासारख्या चिंचोळ्या जागी पारेषण आधी व निर्मिती नंतर धरावी, एवढेच त्यात असेल. मसुदा मी करतो. सचिवताई, तुमच्या संस्थेच्या मीटरची वर्षभराची तासवार नोंद मिळाली तर जोडता येईल. नावे-पत्ते काढून टाकू.


सेक्टर_पाचची_सचिव, सानपाडा

सामाईक मीटरची नोंद देता येईल. घरांच्या मीटरसाठी सभासदांची संमती लागेल. पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे, तिथे विषय ठेवते. ते चिडलेले चार जण येतील की नाही, हे तेवढे सांगता येत नाही.